औरंगाबादपर्यंत हलू नका

शेलूबाजारच्या एस.टी. थांब्यावर मी तीन वर्षं वाट पाहिली. घर मंगरूळपीरला, शाळा किन्हीराजाला, आणि मध्ये गाडी बदलायची ती शेलूबाजारला. सकाळची गाडी तिथं उतरवायची आणि मालेगावकडची गाडी यायला पाऊण तास लागायचा. परतताना पुन्हा तेवढंच. तेव्हा हा सगळा मुलूख अकोला जिल्ह्यातच होता. बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. मी नवी नवी शिक्षिका होते. पिशवीत पुस्तक असायचं, पण थांब्यावरची धूळ आणि माश्या वाचू देत नसत. मग मी नुसती बसायची आणि खंडारे कंट्रोलरांकडे बघायची.

श्रावण खंडारे. चाळिशीचे, शिडशिडीत, खाकी शर्टाची इस्त्री दुपारपर्यंत टिकवून ठेवणारे. कानामागे जांभळी पेन्सिल. ती जिभेला लावून लिहायची सवय होती, म्हणून ओठाच्या कोपऱ्यात कायम एक जांभळा ठिपका असायचा. येणाऱ्या-जाणाऱ्या गाडीची नोंद करणं, शिट्टी मारणं, गाडी सोडणं हे त्यांचं काम. दुसरे कंट्रोलर ओरडायचे. खंडारे जेवायला हाक मारावी तशा आवाजात गाडी सांगायचे. "चला हो, कारंजावाले, आली तुमची." कुणी घायकुतीला येऊन विचारलं, की गाडी कधी येणार, तर म्हणायचे, "येईन ना. गाडी येईन, तुमी बसून जाशान. मंग मी एकटाच राहीन इथिसा." हे इतक्या मनापासून म्हणायचे, की विचारणाऱ्यालाच त्यांची दया यायची.

त्यांची एक गोष्ट मात्र सगळ्या थांब्याला कोड्यात टाकायची. चैत्र-वैशाखात दुपारी जेवणाच्या सुटीत ते केबिनचं टिनाचं दार लावून आत बसायचे. खिडकीलाही गोणपाट लावलेलं असायचं. आणि बाहेर आम्हा कुणाला गाडी दिसायच्या आधी आतून आवाज यायचा, "मालेगाववाले, उठा. आली." दार बंद, खिडकी बंद, आणि माणसाला गाडी दिसते. थांब्यावरचा चहावाला म्हणायचा, त्यांना आवाजावरून कळतं. पानवाल्याचं म्हणणं होतं, त्यांना काहीतरी साधलंय.

एकदा सकाळची शाळा सुटून मी भर बाराला थांब्यावर उतरले. कडुनिंबाची सावली दोन म्हाताऱ्या बायांनी आधीच घेतलेली होती. खंडाऱ्यांनी दारातून डोकं बाहेर काढलं.

"बाई, उनात कायले बसता? आत या. सिनेमा लावतो."

मी घुटमळले. ते त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी म्हाताऱ्यांनाही हाक मारली. "मावशी, तुमी बी या. तिकीट नाही लागत."

आम्ही तिघी आत बाकड्यावर बसलो. त्यांनी दार ओढून घेतलं. आधी काहीच दिसेना. घाम, कागद, रॉकेल असा वास फक्त. दाराची कडी कधीतरी उखडली होती आणि तिथं खिळ्याचं एक भोक राहिलं होतं. त्यातून उजेडाची एक काडी आत आली होती. मग हळूहळू समोरची चुन्याची भिंत जागी व्हायला लागली. खाली फरशीजवळ निळं काहीतरी पसरलं. ते आभाळ होतं. वरून निंब लोंबत होता, आणि त्याची पानं हलत होती. निंबाच्याही वर, पार छताला चिकटून, रस्ता होता. त्या रस्त्यावरून डोकं खाली करून एक बाई चालत गेली, डोक्यावर पाटी, अंगात हिरवं लुगडं. एक सायकल गेली. एक कुत्रं आलं, थांबलं, निघून गेलं. कशाचाच आवाज नाही. बाहेर तेच सगळं किती कर्कश होतं, आणि भिंतीवर तेच पाण्याखालून चालल्यासारखं. मला वाटलं, मी झोपलेय, आणि हे शेलूबाजारला पडलेलं स्वप्न आहे.

इतक्यात छताकडून चाकं वर करून लाल गाडी सरकत आली.

"अवं माय!" एक म्हातारी गाठोडं घेऊन उठलीच. "माही गाडी पालथी झाली!"

"बसा मावशी," खंडारे म्हणाले. "गाडी सुलटीच हाय. हे भिंत तिले उलटी पाहून राह्यली." आणि दार उघडून, शिट्टी मारून, त्यांनी तिला हात धरून गाडीत बसवलं.

मालेगावकडे निघालेली गाडी भिंतीवर कारंज्याकडे जायची, हे त्यांनी स्वतःच शोधून काढलं होतं. दोन उन्हाळे ते रोज दुपारी ही भिंत बघत होते, आणि असं का होतं ते त्यांना माहीत नव्हतं. मी त्यांना सांगितलं, की हे आमच्या विज्ञानाच्या पुस्तकात आहे. दुसऱ्या दिवशी पुस्तक नेऊन दिलं. त्यांनी धडा उघडला आणि बोट ठेवून मोठ्यानं वाचलं, "सूचिछिद्र प्रतिमाग्राहक." पुन्हा वाचलं. मग हसत सुटले. "एवढ्या बारक्या भोकाले एवढं मोठं नाव! बाई, हे त एखाद्या गावाचं नाव वाटते. सूचिछिद्र बुद्रुक."

तिथून त्यांना वेड लागलं. भिंतीवरचं चित्र धरून ठेवता आलं पाहिजे, असं त्यांच्या मनानं घेतलं. दुष्काळात आमच्या शाळेत दूध पावडर वाटायला आली होती, तिचे रिकामे गोल डबे पडून होते. त्यातला एक मी दिला. आतून काळा करायला फळ्याचा उरलेला रंगही दिला. डब्याच्या बाजूला त्यांनी बोटाएवढं छिद्र पाडलं, त्यावर पातळ पत्र्याचा तुकडा बसवला, आणि त्या तुकड्याला शिवणाच्या सुईनं भोक पाडलं. ते भोक ते तासन्‌तास पॉलिश पेपरनं घासायचे, उजेडाला धरून एक डोळा मिटून बघायचे. "गोल पायजे. अंड्यासारखं झालं त माणूस बी अंड्यासारखा येईन." मंगरूळपीरच्या एका फोटोवाल्याकडून त्यांनी मुदत संपलेला फोटोचा कागद मिळवला. तो डब्यात भोकासमोर बसवायचा, भोकावर काळी पट्टी लावायची, डबा दगडावर ठेवायचा, पट्टी काढायची आणि थांबायचं. मग दाराचं भोक बुजवून अंधाऱ्या केबिनमध्ये जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, दोन थाळ्यांत औषधाच्या पाण्यात कागद धुवायचा. लाल उजेड हवा, म्हणून रस्त्यावर सापडलेल्या गाडीच्या मागच्या दिव्याचा लाल काचतुकडा त्यांनी बॅटरीवर सुतळीनं बांधला होता.

पहिले कितीतरी कागद काळेभोर निघाले. एकदा तर डबा निंबाखाली ठेवलेला असताना एका बाईनं झाकण काढून आत वाकून पाहिलं. तिला वाटलं, आत दूध पावडर आहे. खंडारे धावत गेले, तोवर कागद गेला होता. मला वाटलं, आता रागावणार. ते डब्याचं झाकण लावत म्हणाले, "जाऊ द्या. तिले बी पाहूशाच वाटलं. आपल्याले बी तेच वाटते."

वेळ मोजायची त्यांची तऱ्हा अजब होती. घड्याळ होतं मनगटावर, पण ते गाड्यांसाठी. फोटोसाठी ते थांबे म्हणायचे. नागपूरहून आलेली गाडी औरंगाबादला जाते, ती सगळी वाट त्यांना पाठ. पट्टी काढली की सुरू करायचे, "कारंजा..." मग मनातल्या मनात प्रवासी उतरू द्यायचे, सामान उतरू द्यायचे, आणि पुढं, "शेलूबाजार... किन्हीराजा... मालेगाव... डोणगाव... मेहकर..." असं करत सुलतानपूर, सिंदखेडराजा, जालना, बदनापूर, आणि औरंगाबाद आलं की पट्टी बंद. कडक उन्हात औरंगाबाद. आभाळ आलेलं असेल तर औरंगाबादहून पुन्हा उलट कारंज्यापर्यंत. ज्याचा फोटो काढायचा त्याला आधीच सांगायचे, "औरंगाबादपर्यंत हलू नका."

पहिला धड फोटो आला तो निंबाचा. कागदावर आधी सगळं उलट्या रंगात येतं, काळं ते पांढरं आणि पांढरं ते काळं. मग त्यावर दुसरा कोरा कागद ठेवून वर काच दाबायची आणि क्षणभर उजेड दाखवायचा, की खरा फोटो. खंडाऱ्यांना तो पहिला, उलट्या रंगाचाच जास्त आवडायचा. काळं आभाळ आणि त्यात पांढरा निंब. "हे पाहा बाई, दिवसाची रात झाली, अन झाड पेटलं."

मग त्यांनी आठवडी बाजाराचा फोटो काढला. शेलूबाजारचा बाजार म्हणजे चिक्कार गर्दी, बैलबंड्या, मिरच्यांचे ढीग, कापडवाले, बांगड्यावाल्या. डबा एका ओट्यावर ठेवला आणि औरंगाबादपर्यंत मोजलं. फोटो धुतला, तर बाजार रिकामा! पालं होती, मिरच्यांचे ढीग होते, सोडलेल्या बंड्या होत्या, आणि माणूस एकही नाही. एवढ्या वेळात कुणी एका जागी थांबलंच नव्हतं, म्हणून कागदानं कुणाला धरलंच नाही. फक्त कांद्याच्या पोत्यावर झोपलेला एक हमाल स्वच्छ आला होता, तोंड उघडं, एक चप्पल पायात आणि एक खाली पडलेली.

तो फोटो खंडाऱ्यांनी केबिनच्या भिंतीवर लावला. लोक येऊन त्यात स्वतःला शोधायचे. एक बांगड्यावाली तर रुसली. "म्या तिथंच होती ना दिवसभर! मले काहून नाही घेतलं?"

"तुमी हात हलवत होत्या ना आक्का. बांगड्या भरत होत्या."

"मंग काय हात बांधून बसू? अन हा झोपला तो आला!"

खंडारे नंतर मला म्हणाले, "बरोबर बोलली थे. काम करनारा नाही येत याच्यात." ते त्यांना लागलं होतं. दोन दिवस त्यांनी डब्याला हात लावला नाही.

त्याच सुमारास विभागातले एक साहेब अचानक तपासणीला आले. आम्ही चार-पाच जण आत भिंत बघत बसलो होतो. खंडाऱ्यांना छताजवळ उलटी जीप दिसली, उलटे साहेब उतरताना दिसले. साहेबांनी दारावर थाप मारायच्या आतच यांनी दार उघडलं. "या साहेब. उतरताना पाह्यलं तुमाले."

"दार बंद होतं ना? कसं पाहिलं?"

खंडाऱ्यांनी उत्तर देण्याऐवजी बाकड्यावर जागा करून दिली. आम्ही श्वास रोखून बसलो. नोकरीचा प्रश्न होता. घरी बायको, दोन मुलं, म्हातारे वडील, सगळे या एका खाकी शर्टावर. साहेब खिशातलं पेन काढूनच बसले, आणि दार लागलं. मग अंधारातून आवाज आला, "तो माझा ड्रायव्हर बिडी पितोय का रे?"

"हो साहेब. उलटा."

साहेब हसले. मग बाहेर येऊन तोंड कडक करून त्यांनी भेटीच्या वहीत लिहिलं, की नियंत्रक जागेवर हजर, मात्र दार बंद ठेवू नये. जीपमध्ये बसता बसता हळूच विचारलं, "सुटीच्या दिवशी मुलांना आणलं तर?" त्यानंतर खंडारे जेवणाच्या सुटीतही दार लावेनासे झाले. हुकूम तो हुकूम. भिंत पुन्हा नुसती भिंत झाली. आता सगळा जीव डब्यात; कागद ते रात्री घरी धुवायचे.

मला तोवर वाटत होतं, की हा नुसता छंद आहे. एकदा त्यांनी सांगितलं, तेव्हा कळलं.

त्यांचे वडील, आबा, सत्तरीच्या पुढचे. शेलूबाजारपासून दोन कोसांवरच्या गावात खंडाऱ्यांचं घर होतं, तिथंच राहायचे. जन्मभर गावोगावच्या विहिरी दगडानं बांधल्या. आता त्यांच्या हातांना कंप होता, मानही थरथरायची. त्यांचा एकही फोटो नव्हता. खंडाऱ्यांनी एकदा त्यांना नवं धोतर नेसवून एका स्टुडिओत नेलं होतं. फोटोवाला काळ्या कपड्याखालून तीनदा बाहेर आला आणि तीनदा म्हणाला, बाबा, हलू नका. चौथ्यांदा म्हणाला, यांना कशाला आणलं? आबा खुर्चीवरून उठले आणि बाहेर येऊन चपला घातल्या. गाडीत म्हणाले, "श्रावण्या, मी फोटोतला मानूस नाही."

"त्या दिवसापासून हे डोक्शात हाय बाई," खंडारे म्हणाले. "त्या फोटोवाल्याचं मशीन घाईचं होतं. माहा डबा घाईचा नाही. मले वाटते, आबाले डबा पायजे."

आधी त्यांनी आबा झोपलेले असताना फोटो काढला. झोपेत कंप थांबतो, हे त्यांच्या बायकोनं, कौसल्याबाईंनी पाहिलं होतं. फोटो फार सुंदर आला. पण तो बघताच कौसल्याबाईंनी पदर तोंडाला लावला. "हा जित्या मानसाचा फोटो हाय का? डोये मिटेल, हात छातीवर. फाडा तो." खंडाऱ्यांनी फाडला नाही, पण कुणाला दाखवलाही नाही.

आबांना विचारलं, तेव्हा ते म्हणाले, फोटो काढायचाच असेल तर घरी नाही, विहिरीवर.

एका रविवारी खंडाऱ्यांनी मला जेवायला बोलावलं. घर मातीचं, सारवलेलं, भिंतीवर बुद्धाची तसबीर. कौसल्याबाईंनी ज्वारीची भाकर, बेसन आणि हिरवी मिरची वाढली. आबा दारात बसले होते, पांढरं मुंडासं, हात मांडीवर पाखरासारखे फडफडत. जेवण झाल्यावर आम्ही चौघं शेताच्या वाटेनं निघालो. विहीर शेजारच्या गावच्या एका मोठ्या शेतकऱ्याची. काळ्या दगडाची, एकेक दगड बसवलेला, मोटेचे दोन उंच खांब अजून उभे. मोट केव्हाच बंद पडली होती. रस्सी-बादली तेवढी काठावर होती. आबा जवळ गेले आणि त्यांनी एका दगडाचा सांधा बोटांनी चाचपला. मी शेजारीच होते. चाचपताना त्यांचा हात थरथरत नव्हता.

खंडाऱ्यांनी त्यांना खांबाला डोकं टेकवून बसवलं, म्हणजे मान हलणार नाही. हात गुडघ्यांवर. डबा समोरच्या दगडावर. मी आणि कौसल्याबाई डब्यामागे.

"आबा, औरंगाबादपर्यंत हलू नका."

"हातायचं सांगत नाही," आबा म्हणाले. "बाकीचा मी नाही हालत."

पट्टी निघाली. "कारंजा..." खंडाऱ्यांनी सुरू केलं. "शेलूबाजार... किन्हीराजा..."

पलीकडच्या कपाशीतून एक माणूस आला. तिशीचा, डोक्याला रुमाल. विहिरीचा मालक, दिगांबर. तो विहिरीच्या त्या अंगाला, आबांच्या मागं येऊन उभा राहिला. "कोन हाय हो? काय चाललं इथिसा?"

"मालेगाव," खंडारे म्हणाले.

"मालेगावचे हा का तुमी?"

"डोणगाव..."

तो चक्रावला. कौसल्याबाईंनी माझा हात घट्ट धरला. परक्याच्या विहिरीवर, न विचारता, आणि ही माणसं कोणत्या वस्तीतली ते त्याला कळायला कितीसा वेळ. आबा डोळ्यांची पापणीही न हलवता बसलेले. मला काय सुचलं कोण जाणे, मी वर्गात ठेवते तसं ओठांवर बोट ठेवलं आणि त्याच्याकडे रोखून पाहिलं. आणि तो शेतकरी शाळेतल्या मुलासारखा, दोन्ही हात बाजूला सोडून, ताठ उभा राहिला. मेहकर गेलं, सुलतानपूर गेलं. वारा पडला होता. कपाशी, आभाळ, तो, आबा, सगळं थांबलेलं. दुपार मधाच्या थेंबासारखी लोंबकळत राहिली. जालना. बदनापूर. औरंगाबाद.

पट्टी लागली. सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. खंडाऱ्यांनी डबा छातीशी धरून त्याला सगळं समजावलं. तो ऐकत होता, पण त्याची नजर आबांवर होती. "पन फोटो याच इहिरीवर काहून?"

"म्या बांधली," आबा म्हणाले.

"ही?"

"तुह्या आज्यानं बांधून घेतली. तू नसशीन तवा. पानी लागलं त्या दिवशी त्यानं गूळ वाटला. आमाले वरून टाकला हातात. पानी मांगतलं त म्हने, तुमी नाल्यावर जा." आबा हे सांगताना रागात नव्हते. कुठल्या वर्षी कोणता दगड आणला, ते सांगावं तसं सांगत होते.

दिगांबरनं विहिरीत वाकून पाहिलं. "मले कोनी सांगतलं नाही हे."

"कोन सांगन?"

त्यानं बादली सोडली. रस्सी सरसरत गेली, खाली पाण्याचा आवाज झाला. भरली बादली ओढून त्यानं ती आबांसमोर काठावर ठेवली. "घ्या बाबा. पानी घ्या."

आबांनी बादलीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "आज तहान नाही," ते म्हणाले. "लागली त यीन."

फोटो मी दोन दिवसांनी पाहिला. आबांचा चेहरा मऊ उजेडात, पण पूर्ण, डोळे उघडे. मागं विहीर, प्रत्येक सांधा दिसेल अशी. तिच्या पलीकडे ताठ उभा राहिलेला दिगांबर. आणि आबांच्या गुडघ्यांवर हातांच्या जागी दोन धुरकट ढग. खंडाऱ्यांना भीती होती, की आबांना पुन्हा लागेल. आबांनी फोटो डोळ्यांजवळ धरला, लांब धरला.

"हात कोठी गेले?"

"हालत होते आबा."

आबांनी त्या ढगांवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "लय कामं केले यायनं. आता सुटले म्हना."

त्या वर्षीचा पावसाळा संपता संपता आबा गेले. विहिरीवर ते पुन्हा गेले नव्हते. महिन्याभरानं दिगांबर सायकल मारत थांब्यावर आला. इकडचं तिकडचं बोलला, कपाशीचं बोलला, मग रुमाल सोडून पुन्हा बांधत म्हणाला, "मले बी पायजे होता तो फोटो. एक कापी." खंडाऱ्यांनी पंधरा दिवस लावले. एकामागून एक चार प्रती काढल्या, तीन टाकून दिल्या. चौथीच्या मागं जिभेला पेन्सिल लावून जांभळ्या अक्षरात लिहिलं, "विहीर बांधणारे: दशरथ खंडारे." दिगांबर तो घेऊन गेला. त्यानं तो घरात लावला की पेटीत ठेवला, ते मला माहीत नाही. खंडाऱ्यांनी कधी विचारलं नाही.

"तुम्ही प्यायलात का हो तिथलं पाणी?" मी एकदा विचारलं.

"तो बलावते. दोनदा बलावलं." त्यांनी गाडीची नोंद केली, वही मिटली. "जाईन कधी. पन ते तहान आबाची होती बाई. ते माह्यानं नाही भागवली जात."

तिसऱ्या वर्षी माझी बदली मंगरूळपीरलाच झाली. शेवटच्या दिवशी किन्हीराजाहून परतले, तेव्हा खंडारे डबा मांडूनच बसले होते. "बाई, तुमचा राह्यला." इतक्या वर्षांत मी पुस्तक दिलं, डबा दिला, रंग दिला, पण डब्यासमोर कधी बसले नव्हते. बाकड्यावर बसवलं, पिशवी मांडीवर ठेवायला लावली. आभाळ आलं होतं, म्हणजे जाऊन-येऊन वाट होती. औरंगाबाद झालं, परतीला लागलो, जालना झालं, आणि मंगरूळची गाडी वेळेच्या आधी येऊन उभी राहिली.

"दोन मिनिटं थांबवता येणार नाही?" मी ओठ न हलवता विचारलं.

त्यांनी डब्याकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं. आत बायाबापे बसलेले, एक लेकरू रडत होतं. "नाही बाई," ते म्हणाले. "उठा. जा."

तो फोटो पुढं एका ड्रायव्हरच्या हाती माझ्याकडे आला. त्यात मी अर्धीमुर्धी आहे. माझ्या पदरातून बाकड्याच्या पट्ट्या दिसतात. खंडाऱ्यांचा फोटो मात्र माझ्याकडे नाही. तो कुणीच काढला नाही. ते पुढं कुठल्या थांब्यावर गेले, तेही मला नीट कळलं नाही.

मला आठवतं ते गाडीच्या मागच्या खिडकीतून दिसलेलं. मी धावत चढले, जागा धरली आणि वळून पाहिलं. खंडारे डब्याशी उकिडवे बसले होते. एका हाताचा अंगठा भोकावर दाबलेला, माझं जेवढं आत आलं होतं तेवढं सांडू नये म्हणून. तोंडात शिट्टी. आणि दुसरा हात उंच करून ते गाडीला सांगत होते, चल, जाऊ दे.